काचेतला वॉचमन

टीव्हीची काच जळते, हे मी रत्नागिरीत निदान शंभर घरांत सांगितलं असेल. ऐकलं एकानेही नाही. टीव्ही घेतलाय म्हणजे तो लख्ख दिसायला हवा, म्हणून उजेडाचं बटण शेवटपर्यंत पिळून ठेवतात. कार्यक्रमाआधी ते पट्ट्यांचं न हलणारं चित्र लागतं, त्याच्यापुढे आख्खं घर नैवेद्य दाखवल्यासारखं बसतं. माझं सांगणं साधं असतं. एकच चित्र तासन्‌तास ठेवू नका. उजेड निम्म्यावर ठेवा. बंद करण्याआधी तो उतरवा. काचेच्या आत एक लेप असतो, एकाच जागी सतत उजेड पडला की तो तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा करपतो आणि तो डाग मग जात नाही. "श्रीपतीबुवांचं कीर्तन सुरू झालं," म्हणून लोक हसतात. हसा बापड्यांनो.

गंगारामचा टीव्ही मी पहिल्यांदा पाहिला तो शहाऐंशीच्या मे महिन्यात. जयगडच्या रस्त्यावर एक वाडी आहे, तिथून त्याची बायको सावित्री एसटीने माझ्या टीव्हीदुरुस्तीच्या दुकानात आली. 

"श्रीपतभाव, घरला चला. ह्येंनी मुंबयसून टीवी आनलाय, तो लावून द्या," ती म्हणाली. "आनि त्यात जो बसलाय, तो काढा."

टीव्हीत कोणी बसत नाही, हे मी तिला समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी बगा तर."

मी अँटेना, वायर आणि स्टॅबिलायझर घेऊन गेलो. कुंपणाला आडव्या बांबूंचं बेडं होतं. त्याच्या आत एका लाकडी स्टुलावर गंगाराम ताठ बसला होता. वय पंचावन्नच्या आसपास, पांढरा गणवेश कडक इस्त्रीचा, हात गुडघ्यांवर. भर दुपारचे दोन वाजले होते आणि तो उन्हात होता. मी नमस्कार केला. त्याने मला आपादमस्तक पाहिलं, बांबू सरकवला, मी आत गेल्यावर पुन्हा लावला आणि बसला. घरधनी तोच, पण घरात आला नाही.

टीव्ही जुना होता, लाकडी पेटीचा, काळापांढरा. मी आंब्याला बांबू बांधून अँटेना वर चढवली आणि रत्नागिरीच्या टॉवरकडे फिरवत बसलो. खालून सावित्री "आला... गेला... आला" करत होती. चित्र लागलं. निवेदिका बोलत होती आणि तिच्या गळ्याखाली एक माणूस बसलेला होता.

मी टीव्ही बंद केला. तो माणूस तिथेच होता. करड्या काचेवर तपकिरी डाग, पण डाग म्हणावा असा नव्हे. मोठं फाटक, त्याची सळई न्‌ सळई, आणि फाटकाशी ताठ बसलेला माणूस, हात गुडघ्यांवर. मी खिडकीतून बाहेर पाहिलं, पुन्हा काचेत पाहिलं. दोन्हीकडे तोच बसला होता, खोटं कशाला सांगू?

मग सावित्रीने सगळं सांगितलं. गंगाराम एका औषधांच्या कंपनीत वॉचमन होता. फाटकावर कॅमेरा होता आणि साहेबांच्या खोलीत हा टीव्ही. दिवसरात्र त्यात एकच चित्र, फाटक आणि वॉचमन. बाकीचे वॉचमन बिडी ओढायला जात, पाय मोकळे करत. गंगाराम हलत नसे. पांढरा गणवेश, डोक्यावर दिवा, मुंबईतल्या बावीस वर्षांपैकी शेवटची अकरा एकच जागा. काच जळणार नाही तर काय होईल? मला उलट बरं वाटलं, कारण याला शास्त्र होतं.

"मग ह्ये असे का करतत?" सावित्रीने विचारलं.

त्याला शास्त्र नव्हतं. कंपनीला एका दुपारी टाळं लागलं. वॉचमनची रीत अशी, की दुसरा आल्याशिवाय फाटक सोडायचं नाही. येणाऱ्याने हात पुढे करायचा, जाणाऱ्याने किल्ली द्यायची, "सगळं ठीक" म्हणायचं आणि येणाऱ्याने "ठीक" म्हटलं की सुटका. त्या दिवशी सुटका करणारा आलाच नाही. तीन दिवस गंगाराम तिथेच बसून होता. शेवटी कोणी तरी अधिकारी आला, भंगारातला हा टीव्ही त्याच्या हवाली केला आणि त्याला एसटीत बसवून दिलं. घरी आल्यापासून सकाळी आठ ते रात्री आठ तो बेड्याशी बसायचा. जेवायला हाक मारली की म्हणायचा, "बदली आली नाय अजून."

"बावीस वर्सं मी वाट बगितली, भाव," सावित्री म्हणाली. "मानूस घरी आलाच नाय. तो थयच बसलाय, काचंत. हितं आलंय ते नुसतं कापाड."

मला रडू आलं असतं, पण मेकॅनिकने रडून चालत नाही. मी तिला वचन दिलं. जळलेली काच बरी होत नाही, पण एक उपाय करता येतो. अँटेना काढायची आणि पडद्यावर नुसत्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या मुंग्या चालू द्यायच्या, दिवसचे दिवस. मग उरलेली काचही तेवढीच झिजते आणि डाग तिच्यात विरून जातो. टीव्ही मरतो थोडा, पण सारखा मरतो.

मी तो सेट मारुती आळीतल्या माझ्या दुकानात आणला. इतका वेळ चालणारा जुना सेट सोडून जाता येत नाही, पेट घेतला तर दुकान जाईल. म्हणून मीच त्याच्यासमोर स्टूल टाकून बसलो. सकाळी आठला लावायचा, रात्री आठला बंद. माझी बायको कुसुम डबा दुकानात आणून द्यायला लागली. "लग्न माझ्याशी केलंत की त्या खोक्याशी?" असं तिने दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं.

मुंग्यांचा आवाज चार दिवस डोकं उठवतो. पाचव्या दिवसापासून तो थांबला की चुकल्यासारखं वाटतं.

डाग खरंच फिका व्हायला लागला. आधी सळया गेल्या. मग त्याचे हात गेले, मग खांदे. नवव्या दिवशी माणूस पुसला गेला आणि स्टूल राहिलं. मी चष्मा पुसून पाहिलं. गडद स्टूल कॅमेऱ्यात काळंच दिसणार, आणि काळ्याची छाप काचेवर उमटत नाही. उजेडच पडला नाही तर करपणार काय? मी पुस्तकं चाळली. कुठेच काही सापडलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी बिघाड आहे का बघायला सेट बंद केला आणि समोर बसलो. दारात सावली पडली. गंगाराम होता, गणवेशात, मागे सावित्री. आठ वाजायच्या आत, पहिल्या एसटीने सावित्रीने त्याला टीव्ही बघायला म्हणून आणलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, काचेत पाहिलं. बंद काचेत माझं प्रतिबिंब होतं, त्या स्टुलावर बरोबर बसलेलं. हात गुडघ्यांवर.

त्याचा चेहरा सैल पडला. असा सैल चेहरा मी फक्त झोपलेल्या मुलांचा पाहिलाय.

"आलात?" तो म्हणाला. "एक तास उशीर केलात."

त्याने खिशातून फाटकाची पितळेची मोठी किल्ली काढली. मी हसलो. म्हटलं, बिचाऱ्याचं मन मोडू नये, आणि हात पुढे केला.

"सगळं ठीक," गंगाराम म्हणाला.

सावित्री माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत बावीस वर्षं होती. मी म्हटलं, "ठीक."

गंगाराम माझ्या दुकानातच, वायरींच्या ढिगाशेजारी आडवा झाला आणि संध्याकाळपर्यंत घोरत झोपला.

आता तो छान आहे. भात लावला, बेडं दिवसभर उघडं टाकतो, बायकोशी भांडतोसुद्धा. परवा सावित्रीबरोबर नारळ घेऊन आला होता. "श्रीपतीशेट, बसून बसून वाळलात," म्हणाला. मी किल्ली पुढे केली. तो लगेच दोन पावलं मागे सरला. सावित्रीने नारळ ठेवले आणि मान खाली घालून त्याला घेऊन गेली. मला तिचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

लोक म्हणतात, श्रीपती आता कोणाच्या घरी अँटेना लावायला येत नाही, माजलाय. माजलो नाही. मी दोनदा शटर ओढून घरी गेलो होतो. कुसुमने ताट वाढलं, मी घास हातात घेतला आणि पाय आपोआप दुकानाकडे वळले. गेले चार महिने ती डबा आणते, माझ्या समोर बसते आणि विचारते, "घरी कधी येणार?"

काल तिने डबा ठेवला आणि बराच वेळ काचेतल्या माझ्याकडे बघत राहिली. मग पदराला हात पुसले आणि तळवा माझ्यासमोर धरला.

"द्या ती किल्ली," ती म्हणाली.

एवढ्या दिवसांत हात पुढे करणारी ती एकटीच. मी किल्ली मुठीत घट्ट धरली आणि तिला म्हटलं, "तू घरी जा."