खालची फळी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून लपवलेल्या गोष्टी आमच्या घरात फार दिवस टिकत नाहीत. पण थांबा, आधी माझी फजिती ऐका. ती सांगायला सोपी आहे.

मंगरूळपीरच्या कॉलेजातली पोरं-पोरी आमच्या नाल्याचा अभ्यास करायला आली. दर रविवारी विहिरी मोजायच्या, घरोघरी विचारायचं, नकाशा काढायचा. त्यांची म्होरकी समीक्षा. मी म्हटलं, माझ्या विहिरीपासून सुरुवात करा, मीच दाखवतो कसं मोजायचं. टेप ऐटीत खाली सोडला — आणि हातातलं टोकही सोडून दिलं. खालून आवाज आला, ठण्ण!

समीक्षानं वाकून पाहिलं. "काका, पानी नाही, इतकं त समजलं."

सगळे हसले. मीही हसलो. पण फेब्रुवारीतच विहीर कोरडी का, हे तिथं फक्त मला माहीत होतं.

सांगतो. सांगायलाच तर बसलोय —

बारा वर्षांपूर्वी नाल्यावर बंधारा झाला. पावसाळा सरला की त्याच्या खाचांमध्ये लोखंडी फळ्या बसवायच्या, फटींत काळी माती दाबायची. सारं गाव राबायचं. सगळ्यात खालची फळी बसवायला पाण्यात उतरावं लागे, आणि तो मान माझा. अंगानं मीच जड, वाहून जायची भीती नाही! पहिल्याच वर्षी तुंबलेलं पाणी माझ्या हळदीच्या वावरात पाझरलं. चार सऱ्या सडल्या. चारच. मग दुसऱ्या वर्षी मी काय केलं? खालची फळी बसवलीच नाही. तिच्या जागी दगड आणि कपाशीची वाळकी पऱ्हाटी कोंबली. पंधरा दिवसांत पाणी निघून गेलं. फळी मी गुपचूप घरी आणून मोरीत टाकली. बायकोला म्हटलं, भंगारातून घेतली, कपडे धुवायला.

लोक विचारू लागले, पानी काहून थांबत नाही? मी म्हणालो, "आपल्या नाल्याचा खडकच फुटका हाय."

गावानं मानलं. खाली उतरणारा मीच ना! पुढं फळ्या बसवणंच बंद झालं. माझीही विहीर आटली, पण माझ्याकडे बोअर होता. खालच्या अंगाच्या शांताकाकूकडे काय होतं? एकटी बाई. वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवून शेलूबाजारला विकायला बसायची. तिची विहीर संक्रांतीलाच तळ दाखवू लागली. भाजीपाला सुटला, ती दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जाऊ लागली — माझ्याही. मी तिला दुपारी चहा पाजायचो. केवढा दयाळू माणूस!

आणि आता ही पोरं घरोघरी विचारत होती, खडक फुटका आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? सगळी उत्तरं फिरून माझ्या ओट्यावर आली. समीक्षानं वही उघडली. "काका, तुमाले कोनं सांगतलं?"

मी म्हणालो, "आमच्या बाबांनी."

बाबा आता नाहीत. त्याच बंधाऱ्यासाठी त्यांनी म्हातारपणी दगड वाहिले होते. पोरीनं त्यांचं नाव वहीत लिहिलं, आणि मी ते लिहू दिलं. फळीपेक्षा हे वाईट — नाही का?

पण ती लिहिता लिहिता थांबली. "काका, खडक फुटका असता त पानी जमिनीत मुरलं असतं. मंग खालच्या विहिरी भराले पाहिजे होत्या ना?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता.

पोरांनी खाचा खरवडल्या. दगड निघाले, कुजकी पऱ्हाटी निघाली. पडून असलेल्या फळ्या मोजल्या, तर एक कमी निघाली. मी मोरीतली आणून दिली, "भंगारात सापडली" म्हणून. टाळ्या पडल्या! पावसाळा सरल्यावर सारं गाव पुन्हा नाल्यात उतरलं, आणि पाणी थांबलं. दर रविवारी टेप मोजत होता, दर रविवारी पाणी तिथंच. फेब्रुवारीत समीक्षानं मुद्दाम माझ्याच हातात टेप दिला. "काका, या वेळी टोक धरा." खालून आवाज आला — डुबुक! पोरं नाचली. मीही नाचलो, या वजनासकट. शांताकाकूनं स्वतःची विहीर स्वतः मोजली, टेप कोणाच्या हाती दिला नाही. "थांबलं वं माय, पानी थांबलं!" पुन्हा पुन्हा तेच. उन्हाळ्यात ती शेलूबाजारला वांगी घेऊन बसली.

शाळेच्या पटांगणात कार्यक्रम झाला. फळी शोधून आणली म्हणून शाल मला मिळाली, शांताकाकूच्या हातून.

तर, फळी मी काढली. खोटं मी बोललो. बाबांचं नाव मी घेतलं. काकूला बाजारातून मी उठवलं.

एवढं लिहून बायकोला वाचून दाखवलं. ती जेवण वाढत होती. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"फळीचं मले पयल्या दिवशीच समजलं होतं," ती म्हणाली. "मामंजींचं नाव घेतलं, ते नव्हतं मालूम. जेवा आता. शांताकाकूच्या वावरातले वांगे हायेत. मंग ते शाल घ्या अन् तिच्याकडं जा. मी येत नाही सोबत."