जांभूलचा पानी

माइक हातात घेतला की ताई आधी तो पदरानं पुसायच्या, मग त्यावर दोन टिचक्या मारून म्हणायच्या, "आयका रं सगल्यांनी!"

आनंदनगरच्या आमच्या कारखान्यात टेलिफोन आणि घोषणा, दोन्ही त्यांच्याकडे. मी स्टोअरमध्ये, नट मागितला की बोल्ट देणारा म्हणून प्रसिद्ध.

ताई जांभूळ गावच्या; कारखान्याला पाणीही तिथल्याच पंपावरून यायचं. त्यांच्या बोलीत ण आणि ळ नव्हतेच. "जांभूलचा पंप बंद हाय. दुपारी पानी येनार नाय. भरून ठेवा!" आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. तुमच्याही ऑफिसात असं कुणाला तरी हसत असतील. समोरासमोरचं हसणं ते, चहाबरोबर फिटून जायचं.

मग कुणीतरी ती घोषणा मोबाइलवर टिपली आणि नेटवर 'जांभूलचा पानी' नावाची कम्युनिटी निघाली. तेव्हा अशा कम्युनिट्यांचं पेवच फुटलं होतं. 'ताई, ण कुठं सांडला?' 'उल्हासनगरचा डुप्लिकेट ण चालेल का?' लिहिणारे निम्मे आमच्याच कँटीनमध्ये जेवणारे, टोपणनावांनी.

ताई साहेबांकडे गेल्या.

"नेट आपल्या गेटाबाहेर येतं हो," साहेब म्हणाले. "तुम्ही बघूच नका ना."

"मी कुठं बघतंय? लोकाच येऊन दाखवतान."

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

मला स्फुरण चढलं. अंबरनाथच्या सायबर कॅफेत बसून मी खरमरीत निषेध लिहिला. पण तिथं लिहायचं तर आधी 'जॉइन' व्हावं लागे. झालो. टिंगल करणाऱ्यांच्या रांगेत माझा गॉगलवाला फोटो, हसतमुख, सगळ्यात वर!

दुसऱ्या दिवशी ताई स्टोअरच्या खिडकीशी आल्या. "भाऊ, तुमीपन?"

मी घाम पुसत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग चला. मना सगला वाचून दाखवा."

कॅफेत मी वाचू लागलो. इंग्रजी अक्षरांतलं मराठी आणि वाचणारा मी, अडखळायला निमित्त भरपूर होतं. एक घाणेरडी ओळ आली, ती मी गिळली.

"एक गाललाव तुमी," पडद्यावरच्या ओळी मोजत ताई म्हणाल्या.

तीही वाचली.

शेवटी त्यांनी विचारलं, "पानी येनार नाय, ता कोनी आयकला, आसा लिवलाय का कुठं?"

मी वरपासून खालपर्यंत पुन्हा शोधलं. नव्हतं.

त्यानंतर ताईंनी घरी बसून ण घोटला. पुढच्या घोषणेला म्हणाल्या, "पा... णी येणार नाय." मशीनांच्या बाजूनं शिट्ट्या आल्या, "वन्स मोअर!" ताईंनी माइक ठेवला तो पुन्हा उचलला नाही. थोड्याच दिवसांत नोकरीही सोडली.

पुढे एकदा उल्हासनगरच्या बाजारात दिसल्या. फळवाला विचारत होता, "बोलो बहन, क्या दूँ?" हिंदीत केळ्याला केलाच म्हणतात, तिथं ताईंचा ल बरोबर ठरला असता. त्यानं पुन्हा विचारलं. ताईंनी केळ्यांकडे नुसतं बोट दाखवलं.