सहाव्या रकान्यातले घर

तक्रारदार : मी, अर्जनवीस. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण नववीपर्यंत, व्यवसाय कचेरीच्या आवारात लोकांचे अर्ज व हरकती लिहून देणे.
जिच्यासंबंधी : औरंगपुऱ्यातील एका कॉम्प्युटर-टायपिंगच्या दुकानात काम करणाऱ्या बाई. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. एकदा नावे लिहून काय झाले ते पुढे येईलच.
काळ : टँकर तिसऱ्या दिवशी येत असे तो उन्हाळा. शहराचे नाव तेव्हा अर्जात वेगळे लिहिले जाई.
साक्षीदार : पारूबाई, हमीदभाई, सदाशिव व इतर चार.
प्रतिवादी : ही जागा तूर्त कोरी ठेवली आहे.

सदर बाईंना आम्ही सर्व मॅडम म्हणत असू, आणि मला सारे मुन्शीजी. त्यांची एक लकब होती. कोणी काहीही ठामपणे सांगितले की त्या चष्मा कपाळावर सरकवत, उजव्या हाताचे बोट वर करत आणि म्हणत, "विचारलं का?"

चहावाला म्हणे, "मॅडम, मुन्शीजींना बिनसाखरेचाच ना?"

"विचारलं का त्यांना?"

"समोर तर बसलेत!"

"मग विचारा की. तोंड आहे ना त्यांना."

असे माणूस आपणही कोठे ना कोठे पाहिले असेल. आपण त्याला किरकिरे म्हणतो. मीही मनात म्हणत असे. आज जिन्यावर पावले वाजली की लिहिता लिहिता माझे पेन थांबते आणि ते वर केलेले बोट डोळ्यांसमोर येते.

दुकान पहिल्या मजल्यावर होते. एकच मोठे मशीन, युनिक्स जातीचे, आणि त्याला जोडलेले सहा पडदे. अर्ज हाताने लिहिण्याचे दिवस सरत आले होते, म्हणून मी तेथे एक पडदा धरला होता. प्रत्येक गिऱ्हाइकाचे मशीनमध्ये वेगळे नाव आणि वेगळे घर. एकाच्या घरातील कागद दुसऱ्याला दिसत नसे. सगळ्या घरांची किल्ली मॅडमकडे होती, पण ती असूनही त्या कोणाच्या घरात विचारल्याशिवाय शिरत नसत. शिरावेच लागले तर वहीत वेळ आणि कारण लिहून ठेवत.

मॅडम मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. पूर्वी एका कारखान्याच्या कॉम्प्युटर खात्यात होत्या. दुपारी दुकान रिकामे असले की त्या मला 'सी' भाषा शिकवत. नववी शिकलेल्या माणसाने सी शिकावी याचे कचेरीच्या आवारात फार कौतुक होते, आणि ते कौतुक मीच पसरवले होते.

पहिल्याच धड्याला मी म्हणालो, "मॅडम, कोणाचे घर कोठे, हे शोधायचे कशाला? बसल्या जागी मशीनला 'होम' विचारले की ते सांगतेच."

"ती खिशातली चिठ्ठी आहे, मुन्शीजी. जो बसलाय त्याच्या खिशातली. चिठ्ठीवर कुणी काहीही लिहील. सरकारी कामाला तुम्ही चिठ्ठी चालवता का?"

"नाही. मूळ नोंद लागते."

"मग इथंही नोंदवहीत बघायचं."

ती नोंदवही त्यांनी मला दाखवली. एका माणसाची एक ओळ, ओळीत सात रकाने, आणि सहाव्या रकान्यात घराचा पत्ता. ही वही प्रोग्रामने स्वतः उघडायची नसते. सी भाषेत त्यासाठी एक कारकून बसवलेला आहे. त्याचे नाव गेट-पी-डब्ल्यू-नॅम. त्याला माणसाचे नाव सांगायचे, तो सगळी नोंद समोर ठेवतो.

"म्हणजे आपल्या तलाठ्यासारखे," मी म्हणालो.

"तलाठ्यापेक्षा बरा. याला जेवणाची सुट्टी नाही."

त्या कारकुनापाशी दोन गोष्टी सांभाळायच्या, असे त्यांनी सांगितले. पहिली : तो कधी कधी रिकाम्या हाताने परत येतो. त्याला नल म्हणतात. तसे झाले की तेथेच थांबायचे, पुढे पाऊल टाकायचे नाही. शिवाय तो रिकामा का आला हेही बघायचे; त्यासाठी मशीनमध्ये चूक नोंदवणारा एक आकडा असतो, तो आधी शून्य करून ठेवायचा. असा माणूसच वहीत नसेल, तर तो आकडा शून्यच राहतो. वही उघडता आली नसेल, तर तेथे दुसरा आकडा येतो. "नाही म्हणणं वेगळं आणि सांगता न येणं वेगळं," त्या म्हणाल्या.

दुसरी गोष्ट सांगताना त्यांनी बोट वर केले. "उत्तर आलं की लगेच उतरवून घ्यायचं. त्या कारकुनाकडं पाटी एकच आहे. तुम्ही विचारलं, त्यानं पाटीवर लिहून खिडकीत ठेवली. दुसऱ्याचं विचारलं की तीच पाटी पुसून त्यावर लिहितो. तुम्ही नुसतं पाटीकडं बोट करून बसलात तर तुमचं बोट दुसऱ्याच्या घराकडं. समजलं का?"

"समजले," मी म्हणालो.

सत्य प्रतिज्ञेवर नमूद करतो की समजले नव्हते. पण माझ्यासारख्या अनुभवी माणसाने पुन्हा विचारणे मला कमीपणाचे वाटले.

आता विहिरीकडे येतो. वेरूळच्या रस्त्याला शहर जेथे नव्याने वाढत होते, तेथील एका वस्तीत सरकारी विहीर होती. त्या उन्हाळ्यातही तिला हातभर पाणी होते. शेजारी एका शेठजींनी प्लॉट पाडले होते, आणि एके दिवशी भर दुपारी त्यांच्या डंपरने विहिरीत मुरूम ओतायला सुरुवात केली. सात जणांनी ते डोळ्यांनी पाहिले. ते सातही जण माझ्याकडे आले आणि मी वस्तीच्या नावाने हरकत लिहिली. हरकतीची नक्कल शेठजींना द्यावी लागणार होती, पण साक्षीदारांची यादी सुनावणीपर्यंत आपल्यापाशीच ठेवायची असे ठरले. त्या माणसांना भीती होती, आणि ती खरी होती.

योगायोग असा की शेठजींचे मुनीमही त्याच दुकानात टायपिंग करून घेत. म्हणजे त्या मशीनमध्ये माझे घर होते, तसे शेठजींचेही होते. मॅडमनी 'वाटप' नावाचा एक प्रोग्राम लिहिला होता. तो आधी माझे घर विचारी आणि माझे कागद माझ्या घरात ठेवी. मग प्रतिपक्षाचे घर विचारी आणि त्याची नक्कल तेथे ठेवी. कित्येक महिने तो बिनचूक चालला.

त्याच आठवड्यात मॅडमची आई आजारी पडली. कन्नडला निघताना त्यांनी मला बसवले. "वाटप चालवायचं काम तुमच्याकडं. चालवा, पण बदलू नका. काही वाटलं तर मला फोन करून विचारा."

मी तो प्रोग्राम वाचला. मला तो अव्यवस्थित वाटला. तीस वर्षे मी अर्ज लिहीत आहे. अर्जात दोन्ही पक्षांची नावे व पत्ते वरती, एकाखाली एक येतात, मजकूर नंतर. येथे एक पत्ता वर, मध्ये काम, दुसरा पत्ता खाली. हे काय लिहिणे झाले? मी दोन्ही विचारणा उचलून एकाखाली एक वर आणल्या. आधी माझे घर, मग शेठजींचे. प्रोग्राम तक्रार न करता तयार झाला. मी तो चालवला, स्वतःवर खूश झालो आणि चहा मागवला.

तीन दिवसांनी सकाळी जिन्यावर मुनीम भेटले. ते उतरत होते, मी चढत होतो. बाजूला सरून त्यांनी मला वाट दिली. हसत म्हणाले, "क्या मुन्शीजी, पारूबाई को इस उमर में गवाही का शौक लगा क्या?"

माझे पाय पायरीवरच राहिले. पारूबाईचे नाव हरकतीत कोठेच नव्हते. ते फक्त यादीत होते.

वर जाऊन मी माझ्या घरात पाहिले. यादी नव्हती. हरकतही नव्हती. यादीचे नाव तीनदा टाइप करून पुन्हा शोधले. इतक्यात कन्नडहून परतलेल्या मॅडम पिशवी खांद्याला तशीच ठेवून आत आल्या. आईला बरे आहे, एवढे सांगून त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले.

"काय हरवलं?"

मी यादी म्हणालो. कशी, ते म्हणालो नाही.

त्यांनी वहीत वेळ लिहिली, कारण लिहिले आणि शेठजींच्या घरातील कागदांची सूची पडद्यावर आणली. आमचे सगळे कागद तेथे होते. ते शेवटचे कधी वाचले गेले तेही मशीन दाखवते. आदल्या दिवशी सकाळी वाचले होते.

"पुसा," मी म्हणालो. "मॅडम, पाया पडतो, आत्ता पुसा."

"पुसते. पण ज्यानं वाचलंय त्याच्या डोक्यातनं कसं पुसू?"

मग त्यांनी वाटप उघडला. एकाखाली एक नीट मांडलेल्या त्या दोन ओळी पडद्यावर आल्या. मॅडमनी त्यांवर बोट ठेवले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले नाही.

"उतरवून घ्यायचं राहिलं," त्या म्हणाल्या. बस, एवढेच.

पाटी मला तेव्हा समजली. पहिल्या पत्त्याकडे मी नुसते बोट करून ठेवले होते. दुसरी विचारणा होताच तो पुसला गेला होता.

आम्ही त्यांच्या स्कूटरवरून वस्तीत गेलो. मी मागे बसलो होतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलला अंग चोरत होतो. वस्तीत पोचलो तर लोक विहिरीपाशी घोळक्याने उभे होते. आम्हाला उशीर झाला होता. तासाभरापूर्वी दोघे जण गाडीवर येऊन गेले होते. त्यांनी शिवी दिली नाही की हात उगारला नाही. विहिरीच्या कठड्याला टेकून त्यांनी एका कागदावरची सात नावे मोठ्याने वाचली, कागदाची घडी घातली आणि गेले.

सदाशिवने मला ती नावे सांगितली. माझ्याच क्रमाने. वयोवृद्ध आधी, मग इतर. हमीदभाई दुसरे, सदाशिव पाचवा. तो क्रम माझ्याशिवाय कोणी लावलेला नव्हता.

"मुन्शी, तुमी तर म्हनला व्हता यादी बाहेर जाणार नाय," सदाशिव म्हणाला. त्याची बायको दारातून मुलांना आत ओढत होती.

मी तोंड उघडले. मॅडम माझ्या आधी बोलल्या. "प्रोग्राम माझ्या नावावर आहे, दादा. चूक त्याची झाली. तुम्हाला सांगायला मीच आले."

हमीदभाई म्हणाले, "ताई, गलती हुई सो हुई. अब क्या करना?"

"आता यादी लपलेली नाही, तर लपवायचीही नाही. आजच कचेरीत द्यायची आणि पोलिसातही एक प्रत द्यायची. ज्यांना नाव काढायचं त्यांनी आत्ता सांगा, कुणी काही म्हणणार नाही."

चौघांनी नावे काढली. सदाशिव त्यांत होता. पारूबाई तेवढी पदर खोचून म्हणाली, "लिव माजं नाव. मोठ्या अक्षरात लिव. दुसऱ्यांदा वाचायला आलं तर त्याला चष्मा नाय लागला पायजे." लोक हसले. ती हसली नाही.

सुनावणीला तिघे आले. चौकशी होईपर्यंत मुरूम टाकणे थांबवावे असा हुकूम झाला. ती विहीर आज चार इमारतींच्या मधे अर्धी बुजलेली आहे. अर्धी शाबूत आहे. सदाशिव मात्र सुनावणीआधीच बायकामुलांसह वस्ती सोडून गेला. कोठे गेला, ते कोणी सांगत नाही.

शेठजींनी दुकानाच्या मालकाकडे तक्रार केली की आपल्या घरात परका हात शिरला. मालकाने सर्वांसमोर विचारले, "यात फेरफार कोणी केला?" मी माझ्या पडद्यासमोर होतो. सहा पावलांवर. अर्जात न घाबरता कलेक्टरला जाब विचारणारा मी, पडद्यावरचा अर्ज टाइप करीत राहिलो. मला शेठजींची भीती होती, मालकाची होती आणि कचेरीच्या आवारातील माझ्या नावाचीही होती.

"प्रोग्राम माझ्या नावावर आहे," मॅडम पुन्हा म्हणाल्या. वहीत शेवटची वेळ लिहून, कारणाचा रकाना मोकळा ठेवून त्या जिना उतरल्या. जाताना माझ्या पडद्यापाशी क्षणभर थांबल्या. त्या 'विचारलं का' म्हणतील असे मला वाटले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि गेल्या.

गेल्या महिन्यात ते जुने मशीन मोडीत निघाले. तार काढण्यापूर्वी मी मालकाकडून थोडा वेळ मागून घेतला, त्यांनी शिकवलेल्या चार ओळी लिहिल्या आणि त्या कारकुनाला मॅडमचे नाव विचारले. तो रिकाम्या हाताने परत आला. मग मी चूक नोंदवणारा तो आकडा पाहिला. शून्य. म्हणजे वही नीट उघडली होती आणि त्यात असे कोणी नव्हते.

परंतु ती वही एका मशीनची, साऱ्या मुलखाची नव्हे. कन्नडला मी दोनदा जाऊन आलो. घराला कुलूप आहे.

सबब, मॅडम, हा मजकूर आपल्या वाचनात आल्यास नम्र विनंती की आरंभी कोरी ठेवलेली प्रतिवादीची जागा प्रस्तुत अर्जदाराच्या नावाने भरलेली समजावी. बदल मी केला. विचारले नव्हते. सदाशिवच्या मुलांसमोर आणि मालकासमोर जे मी बोलायचे होते, ते येथे लिहून खाली सही करीत आहे. या अर्जाची एक प्रत पारूबाईस वाचून दाखवली आहे. तिने ऐकले आणि "लई उशीर केलास रं" एवढेच म्हटले.

आपण रागावून नाही म्हणालात, तरी ते मी उतरवून घेईन. पण आपण कोठे आहात, सुखरूप आहात की नाही, याचे एक उत्तर यावे. जिना चढून कोणी येत असल्यास मी दार उघडे ठेवले आहे.