थंड चाक

शामराव रामटेक्यांच्या आयुष्यातली पहिली गाडी निवृत्तीनंतर आली, आणि आली तेव्हा ती त्यांच्यापेक्षाही जास्त थकलेली होती. जुनी डिझेल पिकअप. मीटर तीन लाख बारा हजारांवर येऊन कायमचा झोपला होता, त्यापुढे किती धावली ते तिचं तिलाच ठाऊक. धमतरीची भाजी रायपूरला ओढण्यात तिची जवानी गेली होती. हौद्याच्या फटींतून वाळलेली कोथिंबीर निघायची, आणि ऊन तापलं की सडक्या कांद्याचा वास सुटायचा.

तोवर घरात सायकलपलीकडे वाहन नव्हतं. तेहतीस वर्षं शामराव सायकलने खमतराईच्या घरून रेल्वेच्या यार्डात गेले. मालगाड्यांचे डबे तपासणारे ते फिटर. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण भंडारा आता लग्नाकार्यापुरता उरला होता. त्यांचा मुलगा इंद्रजीत बी.ए. होऊन तीन वर्षं घरी बसून होता. राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, आता नोकऱ्यांचा पाऊस पडणार असं जो तो सांगत होता. पाऊस कुठे पडला कोण जाणे, खमतराईत तरी शिंतोडाही आला नाही. भोपाळहून साहेब आले, फायली आल्या, जुन्या इमारतींत नवी खाती बसली, आणि प्रत्येक साहेबाला लोखंडी कपाट हवं झालं. कपाटं भनपुरीच्या कारखान्यांत बनत होती. ती वाहून न्यायला गाडी लागत होती. म्हणून ही पिकअप.

गाडी दारात आली त्या दिवशी कमलाबाईंनी खीर केली आणि बुद्धवंदना म्हटली. लिंबू-मिरची टांगायला शामरावांनी साफ नकार दिला. इंद्रजीतने कपाळपट्टीवर निळ्या रंगाने जय भीम लिहिलं आणि नंबरातला एमपी खोडून सीजी केलं. मग शामरावांनी कामाची वाटणी जाहीर केली. पोराने गाडी चालवायची आणि त्यांनी ती राखायची. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, आणि शिकायची गरजही वाटली नाही. हजारो डबे त्यांच्या हातांखालून गेले होते, त्यांतला एकही त्यांनी चालवला नव्हता.

राखायची म्हणजे कशी, ते बघायला गल्लीतले लोक चहा घेऊन बाहेर यायचे. शामराव सकाळी पोतं अंथरून गाडीखाली शिरत, ते कमलाबाईंनी तिसरी हाक मारल्यावर बाहेर येत. स्प्रिंगचे पाटे घासून काढले, सांध्यासांध्यांत ग्रीस भरलं, गंजलेले बोल्ट एकेक करून बदलले. डिझेलच्या टाकीची चीर आधीच्या मालकाने साबण चोपडून बंद केली होती. ते पाहून त्यांचं डोकंच फिरलं, आणि टाकी उतरवून नीट झाळून घेईपर्यंत त्यांनी गाडी हलू दिली नाही. डब्यांवर खडूने लिहायची यार्डातली रीत त्यांनी इथेही चालू ठेवली. दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्या अक्षरात तारखा असत, ग्रीस कधी, ऑइल कधी, पट्टा कधी. चाळीस वर्षांची नवरी सजवून राहिले, असं शेजारी म्हणायचे. शामराव ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण आतून सुखावत. निवृत्त माणसाला कुणी विचारत नाही, आणि ही गाडी तर त्यांच्यावाचून दोन दिवस टिकली नसती.

फक्त तिला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. एकदा भनपुरीत इंजिन तापलं म्हणून इंद्रजीतने तिथल्या मिस्त्रीकडून पंख्याचा पट्टा कसून घेतला. शामरावांनी घरी येताच तो पट्टा सोडला, स्वतः पुन्हा कसला, आणि दोन दिवस पोराशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाले, "बाप मेल्यावर जाय मिस्त्रीकडे." इंद्रजीत मान खाली घालून जेवला. स्वभावाने गरीब पोट्टा. मराठी सगळी समजायची, उत्तर हिंदीत द्यायचा, तेही मोजकंच.

गाडी फेरीवरून परतली की शामरावांचा एक नेम होता. चारी चाकांपाशी वाकून ते पालथा हात लावून पाहत. यार्डातली ही सवय. मालगाडी आत शिरली की फिटर दोन्ही अंगांना उभे राहतात आणि कुठलं चाक तापलंय ते हाताने शोधतात. तापलं म्हणजे ब्रेक चिकटून बसलाय. रेल्वेचा ब्रेक हवेवर असतो, आणि त्याचा न्याय उलटा आहे. नळी फुटली, हवा गेली, की ब्रेक आपोआप लागतो आणि गाडी उभी राहते. म्हणून डब्याच्या फिटरला न लागणाऱ्या ब्रेकची भीती सहसा वाटत नाही, त्याला भीती असते न सुटणाऱ्या ब्रेकची. चाक धुमसतं, जळतं, प्रसंगी डबा रुळावरून उतरतो. तेहतीस वर्षं शामराव या एका भीतीच्या मागावर राहिले.

पिकअपच्या ब्रेकमध्ये हवा नाही, तेल असतं, हे त्यांना माहीत होतं. डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. चाकं मोकळी फिरावीत म्हणून त्यांनी ब्रेक जरा सैल ठेवले होते, हँडब्रेकची तारही मुद्दाम ढिली केली होती. संध्याकाळी हात लावला की तीन चाकं कोमट लागायची आणि मागचं डावं रांजणासारखं थंड. त्या चाकाचा त्यांना अभिमान होता. एकदा कमलाबाईंना बोलावून त्यांनी त्यावर हात ठेवायला लावला. कमलाबाईंनी ठेवला आणि भाजी करपते म्हणून आत निघून गेल्या.

डिसेंबरात इंद्रजीत म्हणाला की ब्रेकचं पेडल खाली जातंय, दोनदा मारावं लागतं.

"जुनी गाडी हाय बाप्पा. नरम राहीनच," शामराव म्हणाले. "तेल टाकून देतो मी."

तेल थोडं कमी झालंच होतं. त्यांनी ते भरलं आणि दारावर खडूने तारीख लिहिली. जानेवारीत दोनदा भरलं, फेब्रुवारीत दर आठवड्याला. तेल जातं कुठे हे त्यांनी खाली वाकून पाहिलं, पण जमिनीवर थेंब दिसला नाही, आणि चाकं तर सगळी मोकळी फिरत होती. त्यांनी तो विचार सोडून दिला. माणूस ज्या कामात मुरलेला असतो तिथेच तो सगळ्यांत बेफिकीर असतो, आणि शामराव तर नखशिखांत मुरलेले होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, भर सकाळी, इंद्रजीत सहा कपाटं घेऊन तेलीबांध्याकडे निघाला होता. रेल्वेवरचा पूल चढून गाडी उताराला लागली. खाली वाहतूक अडली होती आणि सगळ्यात मागे शाळेच्या पोरांनी भरलेली सायकलरिक्षा होती. पेडल दाबलं ते थेट तळाला गेलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मारलं. हँडब्रेक ओढला तर तो नुसताच वर आला. रिक्षा दहा हातांवर असताना इंद्रजीतने स्टिअरिंग डावीकडे कापलं आणि कडेला उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये गाडी घातली. मागची कपाटं पुढे सरकून केबिनवर आली. पोरांपैकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. इंद्रजीतचा उजवा पाय डॉक्टरांनी त्याच दिवशी मांडीतून कापला.

चार दिवसांनी पोलीस ठाण्याच्या आवारात गाडीची तपासणी झाली. मालक म्हणून शामरावांना बोलावलं होतं. इन्स्पेक्टरने माणूस लावून मागचं डावं चाक उघडलं. आत सगळं तेलाने चिंब होतं. ब्रेकचं तेल अडवणारी आतली रबरी वाटी फाटून तेल तिथेच झिरपत राहिलं होतं, चाकातल्या धुळीत मुरत होतं, म्हणून जमिनीवर पडत नव्हतं. हे चाक कित्येक महिने ब्रेक धरतच नसावं, आणि त्या सकाळी उरलंसुरलं तेलही इथूनच गेल्यावर चारही चाकांचे ब्रेक गेले, असं इन्स्पेक्टर सहज बोलून गेला.

"ते गरम होत नव्हतं," शामराव म्हणाले.

त्याने त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "ब्रेक लगेगा तब ना गरम होगा, दादा."

शामराव तिथेच मातीत बसले. पाणी आणून दिलं ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

त्याच दुपारी इस्पितळाच्या जिन्यात त्यांनी सगळं कमलाबाईंना सांगितलं. कमलाबाई पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "त्याले सांगू नका. पाय तर गेलाच. आता बापही जाईन त्याचा."

शामरावांनी ऐकलं. खरं तर त्यांना हेच ऐकायचं होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली. भेटायला येणारे खाटेपाशी उभे राहून बोलत, आजकालची पोट्टी गाडी कशी हाणतात, उतारावर वेग आवरायला नको काय. एका नातेवाइकाने तर इंद्रजीतने घेतली होती काय अशी हळू आवाजात चौकशीही केली. इंद्रजीत छताकडे बघत पडून राही. शामराव कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे सगळं ऐकत, आणि कुणी निघालं की उठून त्याला दारापर्यंत सोडून येत. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी एक शेजारी जाता जाता म्हणाला की एवढी सांभाळलेली गाडी, बापाची सारी मेहनत पोराने एका मिनिटात मातीत घातली. तो गेल्यावर शामरावांनी कमलाबाईंना चहाला पाठवलं, स्टूल खाटेजवळ ओढलं आणि सांगून टाकलं. फाटलेली वाटी, सैल ठेवलेले ब्रेक, ढिली तार, थंड चाक, काही राखून ठेवलं नाही. सांगताना ते सारखे आपल्या हाताकडे पाहत होते.

"तुहा पाय मी घेतला, इंद्रजीत," ते म्हणाले.

इंद्रजीतला जराही धक्का बसलेला दिसला नाही. त्याने चादर कमरेपर्यंत ओढून घेतली आणि म्हणाला, "मुझे मालूम था, बाबा. एक्सीडेंट के पंद्रह दिन पहले भनपुरी के मिस्त्री ने देखा था. बोला, पीछे का चक्का खुलवा ले, ब्रेक नहीं है इसमें."

"मंग काहून नाही खोललं?"

"आपको बुरा लगता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर शामरावांनी तो जन्मभर सुखाने झेलला असता. पोराला ब्रेकपेक्षा बापाच्या रुसव्याची भीती जास्त वाटली होती, आणि ती भीती त्याच्या मनात घालताना शामरावांनी कुठलाच हलगर्जीपणा केला नव्हता. कमलाबाई चहाचे तीन ग्लास घेऊन आल्या. त्यांनी एकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग दुसऱ्याच्या, आणि ग्लास खिडकीत ठेवून दिले.