मागे पडलेलं हसू

फाइलवाला नक्की काय करतो, हे त्याच्या घरातल्या कोणालाच धड सांगता येत नसे. कोणी विचारलं की बायको "कॉम्प्युटरचं काहीतरी" म्हणून वेळ मारून नेई. धंदा तसा साधा होता. लोक आपापल्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ काढत, त्याची फिल्म करून घ्यायला रस्त्यापलीकडच्या एडिटरबाईंकडे जात, आणि बाईंचं सॉफ्टवेअर त्या फायली उघडायला साफ नकार देई. मग बाई खिडकीतूनच समोर बोट दाखवत : आधी त्याच्याकडे जा. दाताच्या दवाखान्याखालची, जिन्याच्या पोटातली खोली ती फाइलवाल्याची. वर दात कोरले जात, खाली फायली बदलल्या जात, आणि दोन्हीकडचं गिऱ्हाईक सारखंच घाबरलेलं असे.

"कॅमेरा जागा वाचवायला चित्रं घड्या घालून, दाबून ठेवतो," तो समजावून सांगे. "एडिटिंगला प्रत्येक चित्र सुटं लागतं. मी त्या घड्या मोडून देतो."

"म्हणजे व्हिडिओ बदलता?"

"छे, छे! व्हिडिओ होता तोच राहतो."

"मग तुम्ही करता काय?"

इथे त्याचं घोडं अडे. काम उत्तम झालं की काहीच झालेलं दिसत नाही, असला हा विचित्र धंदा. पण त्याला त्याचा मनापासून अभिमान होता. आपल्या हातून आजवर एकाही माणसाचा एकही शब्द इकडचा तिकडे झालेला नाही, असं तो छाती पुढे काढून सांगत असे.

सासऱ्यांना हे अजिबात पटत नसे. ते निवृत्त लिफ्ट तपासनीस. "फाइल गेली तेव्हा चिमूटभर, आली तेव्हा पोतंभर, आणि जावईबापू म्हणतात काही बदललं नाही!" असं म्हणून ते दोन्ही भुवया वर करून थांबत. ते थांबणं म्हणजे समोरच्याने हसायची जागा. उभ्या आयुष्यात त्या जागेवर कोणी हसल्याचं नातेवाइकांच्या ऐकिवात नव्हतं. सगळ्यात लाडका विनोद अडकलेल्या माणसाचा. "मी वरून ओरडून विचारलं, कुठल्या मजल्यावर जायचंय? तो आतून म्हणतो, आता कुठलाही चालेल!" मग भुवया वर. मग शांतता. मग कोणीतरी चहाचं विचारायचं. असं छान चाललं होतं.

गाडी रुळावरून घसरली ती सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला. मुलांनी हॉल घेतला. स्टेजच्या बाजूला एक कॅमेरा, त्याला सासऱ्यांच्या कॉलरला लावलेला माइक जोडलेला, म्हणजे त्यात फक्त त्यांचाच आवाज. हॉलच्या मागच्या टोकाला दुसरा कॅमेरा, उंच स्टँडवर, आणि त्याच्याशेजारी स्टुलावर उभा घरचा जावई, म्हणजे फुकटचा माणूस. हॉलचे स्पीकर एकदा किंचाळून जे बंद पडले ते पडलेच. त्यामुळे मागच्या मंडळींना भाषण ऐकूच येत नव्हतं आणि ती त्यातल्या त्यात खुशीत होती.

भाषणाच्या शेवटी सासरे बायकोविषयी बोलायला लागले. आवाज जड झाला. डोळे भरून आले. आणि नेमक्या त्या क्षणी फाइलवाल्याच्या स्टुलाचा पाय मोडला. तो एका हाताने पडद्याला लोंबकळत, दुसऱ्या हाताने नमस्कार केल्यासारखा खाली आला आणि अख्खा हॉल खदखदून हसला. स्टेजवरच्या दिव्यांनी सासऱ्यांचे डोळे दिपलेले होते. त्यांना दिसलं काहीच नाही, ऐकू आलं फक्त हसणं. ते क्षणभर थबकले. मग कागदावर लिहिलेला होता म्हणून अडकलेल्या माणसाचा विनोद बारीक आवाजात सांगितला, भुवया अर्ध्यापर्यंत नेल्या, आणि खाली उतरले.

त्या दिवसापासून त्यांनी एकही विनोद केला नाही.

फाइलवाल्याने हजार वेळा सांगून पाहिलं, "बाबा, अहो मी पडलो म्हणून हसले सगळे."

"जावईबापू," सासरे म्हणत, "माझ्यासाठी खोटं खोटं पडू नका."

आता घरात शांतता झाली म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. पण तसं झालं नाही. एक दिवस सासूबाई जिन्याखालच्या खोलीत येऊन बसल्या. गुडघ्यावर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"परवा आमची लिफ्ट अडकली," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघंच आत. मी वाट बघतेय, आता म्हणतील, आता म्हणतील. ब्र काढला नाही हो त्यांनी. गुपचूप घंटी दाबली." त्यांनी पर्स जवळ ओढली. "जावईबापू, काहीही करा. मला माझा माणूस परत हवाय. विनोदांसकट."

"फिल्म तयार होऊ द्या, आई," फाइलवाला म्हणाला. "त्यात पुरावाच आहे. इकडे स्टूल मोडतंय आणि तिकडे लोक हसतायत. व्हिडिओ काय खोटं बोलणार?"

त्याने फायली बदलायला घेतल्या. इतकं मन लावून त्याने कुठलंच काम केलं नव्हतं. स्टेजजवळच्या कॅमेऱ्याची फाइल बिनचूक झाली. मागच्या कॅमेऱ्याची फाइल लावत होता तेवढ्यात सासरे स्वतःच आले आणि शेजारच्या खुर्चीत बसले. काही बोलले नाहीत. "अजून घड्या मोडताय का?" असंसुद्धा नाही. दवाखान्यातलं यंत्र वर कूं कूं करत होतं आणि सासरे गप्प होते. ती शांतता फाइलवाल्याला सोसवेना. काहीतरी करायचं म्हणून त्याने घाईघाईने बटणं दाबली, काम लावून दिलं आणि त्यांना चहाला घेऊन गेला.

बाईंनी फिल्म जोडली. मागच्या कॅमेऱ्यात नुसती डोकीच डोकी होती, म्हणून ते चित्र टाकून दिलं, हॉलचा आवाज तेवढा घेतला. भाषणाची सुरुवात जुळवली. पुढचं त्यांनी पाहिलं नाही, कारण ते भाषण होतं.

फिल्म बघायला सगळे सासऱ्यांच्या घरी जमले. सासरे टीव्हीकडे पाठ करून, खिडकीशी बसले. भाषण सुरू झालं. शेवट जवळ आला तशी फाइलवाल्याने बायकोला कोपरखळी मारली : आता बघ.

पडद्यावर सासऱ्यांचा आवाज जड झाला. "लिफ्टमध्ये अडकलं की माणूस पहिल्यांदा घंटी दाबतो," ते म्हणाले. "मी हिच्याबरोबर इतकी वर्षं आहे. मला कधी घंटी दाबावीशी वाटली नाही."

पडद्याच्या कोपऱ्यात, दूरवर, स्टुलावर उभा असलेला फाइलवाला दिसत होता. मग तो दिसेनासा झाला. हॉलमध्ये चिडीचूप. इतकी शांतता, की सासऱ्यांनी नाक ओढलेलं ऐकू आलं.

फाइलवाला खुर्चीत पुढे सरकला. हसणं गेलं कुठे?

ते थोड्या वेळाने आलं. पडद्यावर अडकलेला माणूस म्हणाला, "आता कुठलाही चालेल," भुवया अर्ध्यावर पोचल्या, आणि हॉल कोसळला. पोटातून, जड, लांबलचक हसणं. जरा जास्तच जड, आणि तिथेच फाइलवाल्याला सगळं उमगलं. मागच्या कॅमेऱ्याने सेकंदाला पंचवीस चित्रं घेतली होती, आणि त्याने घाईत चोवीसचं बटण दाबलं होतं. हॉल हळूहळू रेंगाळत स्टेजच्या मागे पडत गेला होता. त्याच्या पडण्याचं हसू वाट चुकून सासऱ्यांच्या विनोदाला जाऊन मिळालं होतं.

सासरे खुर्चीसकट वळले. "परत लावा," म्हणाले.

घंटीच्या वाक्यापासून परत लावलं. हॉल परत हसला. मग खोलीतलेही हसायला लागले, कारण इतकी माणसं हसतायत म्हटल्यावर आपल्यालाच कळलं नसेल असं प्रत्येकाला वाटलं. सासऱ्यांचा चेहरा फुलत गेला. मग ते जावयाकडे वळले आणि त्यांनी प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघा, तुम्ही म्हणत होता तुम्ही पडलात म्हणून हसले. तुम्ही पडलात तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. वाईट वाटून घेऊ नका. असतं एकेकाचं नशीब."

फाइलवाल्याचं तोंड उघडलं. अर्ध्या तासाचं काम होतं. फाइल परत बदलायची, सगळं जागच्या जागी. आजवर एकाही माणसाचा एकही शब्द... त्याने सासूबाईंकडे पाहिलं. त्या अजून टीव्हीकडेच बघत होत्या आणि पदराने डोळे टिपत होत्या.

"ते घंटीचं," त्या त्याला हळूच म्हणाल्या, "हॉलमध्ये मला ऐकूच आलं नव्हतं हो. त्या हसण्यात बुडालं." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "जावईबापू, तुमच्या कामात काही बदलत नाही ना?"

"नाही, आई," फाइलवाला म्हणाला. "होतं तेच राहतं."

"एक सेकंद इकडचं तिकडे होत नाही!" सासरे गरजले. "माणूस हाडाचा कारागीर आहे. मी म्हणतच होतो."

जेवणं झाल्यावर सासू-सासरे त्याला खालपर्यंत सोडायला निघाले. बायको मागून येणार होती. तिघं लिफ्टमध्ये शिरले, दार लागलं, दिवा एकदा मिचकला आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली.

सासऱ्यांनी घसा खाकरला. "एकदा असाच एक माणूस अडकला होता..."

फाइलवाल्याचा हात आपसूक घंटीकडे गेला. सासूबाईंनी तो धरून खाली केला.

"थांबा हो," त्या म्हणाल्या. "ते सांगतायत ना."