उजव्या बाजूला कोणी नाही

बऱ्हाणपुरात गाडी चालवणाऱ्या निम्म्या लोकांनी दिगंबर सरांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. शिव्या तशा सोज्वळच. "गाढवा, मागच्याला पण घरी जायचं आहे!" ही त्यातली सर्वांत जहाल. क्लच-ब्रेक कोणताही ड्रायव्हिंग क्लास शिकवतो. सर आपल्या जुन्या मारुतीत शिकवत ते रस्ता देणं. मागून कोणी घाईचा आला तर वेग कमी करा, हात दाखवा, जाऊ द्या, त्यात आपलं काही कमी होत नाही. शिकणारे माना डोलवत आणि लायसन्स हातात पडलं की केळीच्या ट्रकलाही कट मारत सुटत. या गावावरचा सरांचा विश्वास कधीच उडाला होता.

तो परत बसवला योगेशनं. हा सरांचाच जुना विद्यार्थी, शनवारा दरवाजाकडे त्याचं स्पेअर पार्टचं दुकान. दक्षिणेत कुठेतरी हौशी लोक बंद रस्त्यावर आपापल्या गाड्या पळवतात तो 'ट्रॅक डे' पाहून आला आणि ते खूळ गावात घेऊन आला. बहादरपूरच्या पुढे एका बिल्डरनं कॉलनीसाठी प्लॉट पाडले होते. डांबरी रस्ते झाले, विजेचे खांब झाले, प्लॉट मात्र कोणी घेईना. तिथे रविवारी सकाळी हौशी पोरांच्या गाड्या फिरू लागल्या. शर्यत नाही, नंबर नाही, पण नियम कडक. ओव्हरटेक फक्त सरळ रस्त्यावर. हेल्मेट सक्तीचं. हॉर्न बंद. पुढच्यानं आरशात पाहायचं, खिडकीतून हात काढून 'जा' म्हणून खूण करायची, मगच मागच्यानं उजवीकडून जायचं. पुढच्याचं लक्ष नसलं तर कडेचा माणूस निळा झेंडा दाखवणार. हे सगळं पोरांच्या डोक्यात भरायला योगेशनं सरांना बोलावलं.

पहिल्या रविवारी सर घरी आले ते नवरदेवाच्या थाटात. "हिमानी," त्यांनी मुलीला हाक मारली, "आज या गावच्या पोरांनी एकमेकांना हात दाखवून जाऊ दिलं. मी म्हणत होतो ना, होऊ शकते!" पुढच्या रविवारपासून त्यांनी स्वतःची मारुतीही तिथे नेली. सगळ्यांत हळू गाडी त्यांचीच, म्हणजे रस्ता देण्याचं पुण्यही सगळ्यांत जास्त त्यांच्याच पदरात. आयुष्यभर ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते घडणारी जगात एवढी एकच जागा होती, आणि सर आठवडाभर रविवारची वाट बघत.

मग तक्रारी सुरू झाल्या.

"सर, राग नका मानू," योगेश चाचरत म्हणाला, "पण पोरं म्हणून राहिली, तुम्ही साइड देत नाही. झेंडा दाखवला तरी नाही."

"मी? मी साइड देत नाही?" सरांचा आवाज चढला. "अरे, मधल्या आरशात गाडी दिसते मला. हात काढायला जातो तं ती मागं पडते. मागं पडलेल्याला काय आमंत्रण देऊ?"

"पीछे नहीं पडती, सर," कापडवाल्यांचा अक्षय मध्ये बोलला. "मी तुमच्या बाजूला असतो. पूरा सीधा रस्ता. तुम्ही पाहूनच नाही राहिले."

सरांना हे फार लागलं. गावानं त्यांना कितीदा वेड्यात काढलं होतं, त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पण ज्यांना आपण हात दाखवायला शिकवलं त्या पोरांनी आपल्याला आडमुठा म्हणावं? योगेशनं वर हेही सांगून टाकलं की आता पुन्हा तक्रार आली तर सरांनी नियम सांगायला जरूर यावं, गाडी मात्र घरी ठेवावी. सर रात्री धड जेवले नाहीत. हेल्मेटनं कडेचं नीट दिसत नसेल, असं एकदा त्यांच्या मनात येऊन गेलं, पण हार मानणारा माणूस नव्हता तो.

पुढच्या रविवारी त्यांनी साक्षीदार म्हणून हिमानीला शेजारी बसवलं. अक्षयची निळी गाडी मधल्या आरशात मोठी होत आली. सरांनी सरळ रस्त्याला लागताच मुलीला दिसेल असा भरपूर हात बाहेर काढला आणि 'जा' म्हणून खूण केली. आरशातून गाडी दिसेनाशी झाली. सरांनी डोळ्याच्या कोपऱ्यानं उजवीकडे पाहिलं. चांगल्या ड्रायव्हरला मान वळवावी लागत नाही, हे त्यांचंच लाडकं वाक्य. उजवीकडे कोणी नव्हतं. लख्ख रिकामा रस्ता.

"पाह्यलं? दिला रस्ता, येतच नाही तो," असं म्हणून त्यांनी हात आत घेतला आणि गाडी उजव्या वळणाला घातली.

हिमानी किंचाळली. पत्रा पत्र्यावर घासला, आणि अक्षयची गाडी भिरभिरत जाऊन विजेच्या खांबावर आदळली.

अक्षयला बाहेर काढलं तेव्हा त्याचा हात खांद्यापासून लोंबत होता. जीव वाचला होता, एवढंच. पोरं सरांभोवती गोळा झाली. "हाथ दिखाके काटा आपने!" कोणीतरी ओरडलं. साइड न देण्यापेक्षा हे वाईट होतं. बोलावून घेऊन मारल्यासारखं.

"तिथं कोनी नव्हतं," सर म्हणाले. "हिमानी, सांग ना यांना."

हिमानीनं मान खाली घातली.

घरी आल्यावर तिनं वडिलांना खुर्चीत बसवलं. "पप्पा, समोर कॅलेंडरकडे पाहा. मी उजव्या कानाकडून हात पुढे आणते, दिसला की सांगा." सर पाहत राहिले. बराच वेळ गेला. शेवटी ते वैतागले, "आण ना मग हात!"

"कवाचा तुमच्या गालाशेजारी धरला आहे, पप्पा."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू. उजव्या डोळ्याची कडेची नजर जवळजवळ गेली आहे, डाव्यालाही सुरुवात आहे. दुखत नाही, काळं दिसत नाही. जे दिसत नाही तिथे रिकामं आहे असंच माणसाला वाटतं. समोरचं बारीक अक्षर वाचता येतं म्हणून कोणाला संशय आला नाही. थेंब घालून उरलेलं सांभाळायचं, गेलेलं परत येणार नाही. आणि गाडी बंद, आजपासून.

परतताना मारुती हिमानी चालवत होती. सर डावीकडे शिकवणाऱ्याच्या जागेवर बसले, आणि त्यांच्या मनात रस्त्यावरची माणसं येऊ लागली. सायकलवरची पोरं, स्कूटीवरच्या बाया, कुठून टपकतात म्हणून ज्यांना त्यांनी गाढव म्हटलं होतं ती सगळी. ती टपकत नव्हती. ती आधीपासून तिथेच होती. या गावाला रस्त्यावर वागता येत नाही, असं ते गल्लोगल्ली सांगत फिरले होते, आणि किती माणसं त्यांच्याच गाडीखाली येता येता वाचली होती, देव जाणे. सरांना स्वतःची शिसारी आली. जगावं कशाला, असं त्यांना अगदी सरळ वाटलं.

घरासमोर गाडी थांबली. हिमानी उतरेना. काय झालं म्हणून सरांनी सगळी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे सुजले होते, ओढणीचा पदर भिजून चिंब झाला होता. दवाखान्याच्या दारापासून ती त्यांच्या उजव्या बाजूलाच होती, आणि ती रडते आहे हे त्यांना कळलं नव्हतं.