नमुन्याची वाटी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. बेगम बाजारात भांड्यांवर नावं घालायला बसते मी, एकोणीस वर्षं झाली. लग्नाचा आहेर, बारसं, गृहप्रवेश, आणि सगळ्यात जास्त गेलेली माणसं. 'यांच्या स्मरणार्थ' तर मी डोळे मिटून घालीन. तेव्हा मेलेल्यांचं मला काही वाटत नाही. पण दौलतमामांच्या वाटीचं आठवलं की हातातलं मशीन अजून खाली ठेवते, आणि मग मला माझाच राग येतो.

दौलतमामा म्हणजे दौलत सोनकांबळे. मूळचे नांदेडकडचे, राहायला अंबरपेठेत, माझ्या गल्लीच्या तोंडाशीच. मी बसते त्याच भगवंतराव शेठच्या दुकानात पार्सलचं टेबल त्यांच्याकडे. वॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर आली की मामा माल मोजणार, कागदात गुंडाळून खोक्यात बसवणार, काट्यावर ठेवणार, पिनकोड बघून शिपिंग लावणार, नाव घालण्याचा आणि पॅकिंगचा मिळून हँडलिंग चार्ज लावणार, त्यावर टॅक्स. मग गिऱ्हाइकाचा फोन ठरलेला. "वाटी साठ रुपयाची आणि पाठवायचे शंभर? लूट लावलीय का?" मामांचा आवाज कधी चढायचा नाही. "ताई, वाटी चालत नाही ना येत तुमच्याकडं."

टॅक्सच्या ओळीवर तर त्यांचा भारी जीव. गिऱ्हाईक दुसऱ्या राज्यातलं असलं की बिलावर एकच आयजीएसटी लागतो. आपल्याच तेलंगणातलं असलं की त्याचे दोन तुकडे पडतात, अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. मामा म्हणायचे, "ज्योते, पत्ता झाकून नुसतं बिल दाव मला. माणूस हद्दीच्या अलीकडं की पलीकडं, किती लांब, सगळं सांगतो."

स्वतःचा पोरगा किती लांब आहे ते मात्र त्यांना सात वर्षं ठाऊक नव्हतं. मामींना ताप भरला तेव्हा दिवाळीचा सीझन होता, पार्सलांचा नुसता ढीग. पोरगा, धम्मानंद, म्हणत होता, आजच दवाखान्यात नेऊ. मामा म्हणाले, एवढा माल निघू दे, रविवारी नेऊ. मामींनी रविवार बघितलाच नाही. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे मामींच्या दिवसांचा, कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि पोरानं बॅग उचलली. "तुमचं तोंड बघायचं नाही मला," म्हणाला. त्यानंतर नंबर बदलला, पत्ता नाही, काही नाही. माझं स्पष्ट मत, चूक मामांची होती. मी ते त्यांच्या तोंडावर बोललेही आहे. ते म्हणाले, "हौ." एवढंच.

यंदा एप्रिलच्या मध्याला दुकानाच्या फोनवर एक ऑर्डर आली. एक्कावन्न स्टीलच्या वाट्या. आधी एक नमुना पाठवा, नाव बरोबर आहे ते बघून बाकीच्या सांगू. तसा आमच्याकडे रिवाजच आहे. शंभर भांड्यांवर नाव चुकलं तर भरून कोण देणार? मी नाव घालायला ऑर्डर उतरवलेला कागद पुढे ओढला आणि वाचलं: 'कालकथित दौलत मारोती सोनकांबळे यांच्या स्मरणार्थ.' बौद्ध समाजात कैलासवासी लिहीत नाहीत, कालकथित लिहितात, ते अगदी बरोबर होतं. खाली, 'तारीख नंतर कळवू.' आणि मागवणारा, धम्मानंद दौलत सोनकांबळे, हडपसर, पुणे.

"अम्मो!" माझ्या तोंडून निघालं. "मामा, कुणीतरी घाण चेष्टा केलीय."

मामांनी कागद हातात घेतला. वाचला. मला वाटलं आता बसतील खाली. तर त्यांचा चेहरा उजळला हो! "जिवंत आहे गं," म्हणाले. "पुण्यात आहे पोरगं."

"अहो, तुम्हाला मारलंय त्यात!"

"मारू दे."

वाटी काट्यावर ठेवून त्यांनी हिशेब केला. शिपिंग, हँडलिंग, आयजीएसटी, सगळं मिळून दोनशे सात रुपये चाळीस पैसे. शेठनी खातं बघितलं तर तेवढेच पैसे सकाळीच जमा झालेले, चाळीस पैशांसकट. आमचा रेट आमच्या मामांशिवाय कुणाला तोंडपाठ नाही. त्या ऑर्डरच्या नंबरवर मी फोन लावला. असा नंबर अस्तित्वात नाही, म्हणे.

वाटी गेली, आणि दहा दिवसांनी परत आली. 'या पत्त्यावर राहत नाही.' त्याच दुपारी दुसरा मेसेज. तीच ऑर्डर, तोच मजकूर, पत्ता नवा, जहीराबाद. मामांनी बिल केलं आणि पेन तसंच धरून बसले. टॅक्सचे दोन तुकडे पडले होते.

"हद्दीच्या अलीकडं आला, ज्योते."

आता माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हा म्हाताराच करतोय हे सगळं. एकटेपणानं माणसाचं काय काय होतं. मी सरळ विचारलं, "मामा, हे मेसेज तुम्हीच पाठवता ना? खरं सांगा, बातां नक्को." त्यांनी खिशातला फोन टेबलावर ठेवला. बटणांचा, वॉट्सअ‍ॅप नसलेला. तरी माझ्या मनातून संशय गेला नाही.

जहीराबादहूनही वाटी परत आली. मी ती कागदातून काढली तर गार लागली. मे महिना होता, पत्र्याखाली आम्ही भाजून निघत होतो, शेजारचे टोप हात लावू देत नव्हते. मी ती लांब सरकवली. मामा माझ्यासमोर स्टुलावर उभे, दोन्ही हातांनी वरच्या फळीवरचं खोकं धरलेलं, आणि तेवढ्यात दुकानाचा फोन टुणकन वाजला. मेसेज मीच उघडला, म्हणजे पाठवणारे मामा नव्हते. तीच ऑर्डर. पत्ता, तारनाका.

तारनाका! अंबरपेठेतून रिक्षानं वीस मिनिटं. कुणीतरी पावलापावलानं जवळ येत होतं, आणि मामांच्या नावापुढे तारीख तेवढी रिकामी होती. मी हात जोडले. "मामा, ही ऑर्डर नक्को. मी वाटी वितळवायला देते. मला भीती वाटते."

मामा खाली उतरले. "मलाबी वाटते," म्हणाले. "हे धम्मानंदचं काम न्हाई, एवढं कळतं मला. तो माझं नाव पण घेणार न्हाई. पण कोण का असेना, त्याला माझ्या पोराचा पत्ता म्हाईत आहे. मला तेवढं बास."

त्यांनी बिल केलं. शिपिंग चाळीस रुपये, लोकल. मग वाटी उचलली. नमुन्याच्या भांड्याला आम्ही आतून एक चिठ्ठी चिकटवतो, 'नमुना' अशी. मामांनी ती नखानं सोलून काढली. अगदी हळूहळू, गोंदसुद्धा राहू दिला नाही. मी बघतेय हे त्यांना दिसत होतं. आमच्याकडे अशी नाव घातलेली वाटी घरी आली की सांगायला माणूस लागत नाही. वाटी म्हणजेच माणूस गेल्याची बातमी.

"मामा, असं करू नका. हे अभद्र आहे."

"खोकं बंद कर," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी एक माणूस दुकानाची पायरी चढला. दाढी वाढलेली, कानाच्या बाजूला केस पांढरे. हातात ती वाटी. मला ओळखून म्हणाला, "ज्योतीताई, कधी गेले? कुणी फोन तरी करायचा." आणि तिथंच वाटी छातीशी धरून लहान पोरासारखा रडायला लागला. मी नुसतं पार्सलच्या टेबलाकडे बघितलं.

मामा उठून उभे राहिले होते.

धम्मानंद दोन पावलं मागे सरला. तोंड पांढरंफटक. त्यानं वाटीवरचं नाव पुन्हा वाचलं. मग तो म्हणाला, "ही वाटी कुणी पाठवली?"

"तुझ्या नावानं ऑर्डर होती," मी म्हणाले. "आधी हडपसर, मग जहीराबाद."

"हडपसर मी जानेवारीत सोडलं. जहीराबाद एप्रिलमध्ये. तारनाक्याची खोली घेऊन महिनाच झालाय, कंपनीतसुद्धा पत्ता दिलेला नाही अजून." तो माझ्याकडे बघत राहिला. "मी ऑर्डर नाही दिली, ताई."

मामांना त्यातलं काही ऐकूच येत नव्हतं. ते टेबलाच्या बाहेर आले, पोरासमोर उभे राहिले. "एक विचारू? मी जिता आहे हे ठाऊक असतं, तर आला असतास?"

मला वाटलं, खोटं बोल रे बाबा. एवढं एकदा खोटं बोल.

धम्मानंदनं मान हलवली. "नाही."

मामा थोडं हसले. त्याच्या हातातली वाटी घेऊन त्यांनी माझ्यासमोर ठेवली. "मग मेलो ते बरंच झालं," म्हणाले. "चल, घरी चल. दुपारचा जेवला नसशील."

दोघं पायरी उतरून गेले. पोरगा एक हात अंतर राखून चालत होता, पण चालत होता. मी रडले, हे कबूल करते. डोळे पुसतेय तोच दुकानाचा फोन वाजला. त्याच नंबरचा मेसेज होता.

'नमुना पसंत. बाकीच्या पन्नास वाट्यांची आता घाई नाही. तारीख कळवू.'

याला आता पाच महिने होत आले. दोघं बापलेक अंबरपेठेत एकत्र राहतात, भांडतात, जेवतात. तो मेसेज मी मामांना दाखवलेला नाही. दुकानाचा फोन वाजला की आता त्यांच्या आधी मी धावते.